दिवे बंद झाले की ग्रो-रूमची आर्द्रता ९० च्या वर का जाते? खान्देशातल्या खोल्यांसाठी तपासणीचा क्रम

ग्रो-रूम म्हणजे बंद खोलीत, एलईडी दिव्यांखाली, मातीऐवजी टाकीतल्या खताच्या पाण्यावर लेट्यूस-बेसिलसारखी पानं वाढवायची खोली. आधी लक्षणं. दिवसभर मीटर ६० ते ६५ टक्के दाखवतो, दिवे बंद झाल्यावर तासा-दीड तासात ८५ आणि पहाटे ९५. सकाळी दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते, रॅकच्या पाइपाला हात लावला तर तळवा ओला होतो, खोलीला कुबट वास येतो. लेट्यूस वरून टवटवीत दिसतं, पण रोपाच्या पोटातलं कोवळं पान उलगडून बघा: कडेने तपकिरी, चुरगळली तर कुरकुरणारी बारीक रेघ असते. बेसिलचं पान वरून पिवळट आणि उलटं केलं की खाली राखाडी-जांभळट लव. खालच्या पानांवर भुरी, देठाच्या बुडाशी करडी बुरशी. टाकीतलं पाणी पूर्वीइतकं कमी होत नाही, हेही एक लक्षणच आहे आणि त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही.

जळगाव, भुसावळ, चोपडा, शहादा या भागातल्या छोट्या खोल्यांमधून मी हा एकच बिघाड पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. घराची मागची खोली, गच्चीवरचं पत्र्याचं शेड, गाळ्याचा पोटमाळा, अशा जागा. बहुतेकांनी मला बोलवण्याआधीच डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं मशीन) मागवलेला असतो. बऱ्याच ठिकाणी त्याची गरजच नसते, म्हणून तो या यादीत शेवटी ठेवला आहे.

तपासणीला लागण्याआधी एक हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २६ अंश आणि ६५ टक्क्यांना या हवेत वाफेच्या रूपात असलेलं सगळं पाणी गोळा केलं तर ते अर्ध्या लिटरच्या किंचित वर भरतं. आता दिवे बंद झाले आणि खोली २१ अंशांवर आली. पाण्याचा एक थेंबही वाढला नाही, तरी मीटर ८७ दाखवेल, कारण थंड हवेत वाफ कमी मावते. तिथून १०० पर्यंत जायला लागतं ते फक्त अर्धी वाटी पाणी. आणि झाडं? टाकीत तुम्ही रोज जी भर घालता, त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांवाटे हवेत जातं. रोज १५ लिटर भरत असाल तर रोज तेवढंच पाणी खोलीच्या बाहेर गेलं पाहिजे. ते कुठून जातंय आणि कधी अडतंय, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली, मीटर खरं सांगतोय का. स्वस्त डिजिटल मीटर ५ ते १० टक्क्यांनी चुकू शकतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून दाटसर चिखल करा (मीठ विरघळता कामा नये), ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या आसपास हवा. ८२ दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यातून ७ वजा धरा. मीटर कुठे टांगलाय तेही बघा. एसीच्या झोतात, दाराशी किंवा एलईडीच्या थेट उजेडात तो चुकीचंच सांगणार. झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत, जिथे हवा हलते तिथे लावा. हे आधी करायचं कारण असं की चुकीच्या आकड्यावर पुढचे सगळे पैसे वाया जातात.

दुसरी तपासणी अगदी साधी, पण सगळ्यांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो. आतले फिरते पंखे दिव्यांच्याच टायमरवर जोडलेले असतात. वायरमनने एकच स्विच दिलेला असतो, त्यामुळे दिवे गेले की पंखेही थांबतात. मग हवा साचते, दाट पानांच्या मधे ओलावा कोंडतो आणि खोलीच्या मीटरवर ८० असताना पानाच्या पृष्ठभागावर ९५ असते. पंख्यांची लाइन वेगळी करा आणि चोवीस तास चालू ठेवा. वेग इतकाच हवा की पानं हलकी थरथरतील. वाकली किंवा फडफडली तर जास्त झालं. निदान एक पंखा वरून खाली, झाडांच्या पोटाकडे वारा जाईल असा वळवा.

लेट्यूसच्या आतल्या पानाची ती तपकिरी कडाही याच वाऱ्याशी जोडलेली आहे. ती कॅल्शियमच्या कमतरतेची खूण आहे हे खरं, म्हणून लोक टाकीत कॅल्शियम नायट्रेट वाढवत जातात. पण कॅल्शियम पानात पोचतं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर. मिटलेल्या कोवळ्या पानातून बाष्प बाहेर पडतच नसेल तर पाणी वर चढणार नाही आणि टाकीत कितीही कॅल्शियम असलं तरी त्या पानाला ते मिळणार नाही. आधी वारा द्या, मग खताकडे बघा.

तिसरी, उघडं पाणी. टाकीला झाकण आहे का? चॅनेलची (रोपं बसवलेल्या, आतून पाणी वाहणाऱ्या पाइपांची) रिकामी भोकं बुचाने बंद आहेत का? जमिनीवर कुठे डबकं साचतंय का? संध्याकाळी फरशी धुण्याची आणि टाकी भरण्याची सवय असेल तर ती सकाळी, दिवे लागल्यावर न्या. वर सांगितलेली अर्धी वाटी आठवा: ओल्या फरशीवरून तेवढं पाणी रात्रीत सहज उडतं.

चौथी, गर्दी. पूर्ण वाढीच्या लेट्यूसला दोन रोपांत ८ इंच तरी द्या. खालची पिवळी, चॅनेलला चिकटलेली पानं काढून खोलीबाहेर टाका. खोलीतल्या बादलीत ठेवू नका.

बाहेरची हवा: आखाजीला औषध, कानबाईला आजार

आपल्याकडे सगळ्यांत मोठा घोटाळा इथे होतो, म्हणून यावर जरा थांबतो.

खान्देशची हवा वर्षात दोनदा पूर्ण पालटते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला दुपारी ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असते. त्या एका घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम पाणी असतं. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत, २७ अंश आणि ८५ टक्के असते. तेव्हा त्याच घनमीटरमध्ये २२ ग्रॅम. तुमच्या खोलीत २४ अंश आणि ६५ टक्के ठेवायचे असतील तर आत हवेत १४ ग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात एक्झॉस्ट लावला तर खोली कोरडी होते (आणि तापते), पण श्रावणात तोच एक्झॉस्ट प्रत्येक घनमीटरमागे ८ ग्रॅम पाणी आत ओढतो. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता वाढली की लोक एक्झॉस्ट चोवीस तास सोडतात आणि आकडा का उतरत नाही म्हणून हैराण होतात.

यावर उपाय म्हणजे टक्केवारी सोडून दवबिंदू बघायचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा. मोबाइलच्या बऱ्याच हवामान ॲपमध्ये तो दिलेला असतो. २४ अंश आणि ६५ टक्क्यांचा दवबिंदू १७ अंश येतो. बाहेरचा दवबिंदू १५ किंवा त्याखाली असेल तर एक्झॉस्ट बिनधास्त लावा. १७ च्या वर असेल तर बंद ठेवा आणि त्याची जाळी मागून प्लायने किंवा झडपेने झाका, कारण बंद पंख्याच्या पात्यांमधूनही दमट हवा आत येत राहते. दाराच्या फटींना फोमची पट्टी लावा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री मात्र आपल्याला फुकट मिळालेल्या आहेत. हवा थंड आणि कोरडी असते. दिवे बंद झाल्यावर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी तीन-चार मिनिटं एक्झॉस्ट चालवला की काम होतं. साध्या सायकल टायमरवर हे बसतं. गार झोत थेट रोपांवर येऊ देऊ नका.

आणि कूलर. शेजारच्या खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल आणि ग्रो-रूमचं दार त्या खोलीत उघडत असेल, तर दर वेळी दार उघडताना ती ओली हवा आत येते. मे महिन्यात हे चालून जातं, उलट फायद्याचं ठरतं. पहिला पाऊस पडला की कूलरचं पाणी बंद करा, नुसता पंखा चालवा.

एसी: बादली लावून बघा

एसीच्या पाण्याच्या पाइपाखाली बादली ठेवा आणि चोवीस तासांत किती लिटर जमतं ते मोजा. टाकीत किती भर घातली तेही लिहा. टाकीत १५ लिटर घातलं आणि बादलीत १३ आलं, तर एसी आपलं काम करतोय आणि दोष फक्त वेळेचा आहे. बादलीत ५ आलं तर उरलेलं पाणी खोलीतच फिरतंय. या मोजणीला काहीच खर्च नाही आणि कुठल्याही मीटरपेक्षा ती जास्त सांगते. दिवसाचं आणि रात्रीचं पाणी वेगळं मोजलंत तर आणखी चांगलं. बहुतेक खोल्यांमध्ये रात्रीची बादली जवळपास कोरडी सापडते.

असं का होतं? एसी तापमान बघून चालतो, आर्द्रता बघून नाही. दिवे हेच खोलीतलं मोठं तापवणारं साधन. ते बंद झाले की खोली आपोआप २२ वर येते, कंप्रेसर थांबतो आणि त्याबरोबर पाणी काढणंही थांबतं. वर कंप्रेसर थांबल्यावर आतला पंखा फिरतच राहतो आणि कॉइलवर साठलेलं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. खोलीला हवी तेवढी अर्धी वाटी इथूनच मिळते. गरजेपेक्षा मोठ्या टनाचा एसी असेल तर हे जास्त होतं, कारण तो पटकन गार करून पटकन थांबतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही.

आधी फिल्टर धुवा. पाइपाला सरळ उतार आहे का, शेवाळाने तोंड बंद झालंय का ते बघा. पाइप तुंबला असेल तर ट्रेमध्ये पाणी साचून तिथूनच वाफ होत राहते. रात्री ड्राय मोड लावून दोन-तीन रात्रीचे आकडे घ्या. काही खोल्यांत एवढ्यानेच आकडा ८० च्या खाली येतो.

नाही आला तर माझा सगळ्यांत आवडता उपाय: सगळे दिवे एकाच वेळी बंद करू नका. रॅकचे दोन गट करा. एका गटाचे दिवे संध्याकाळी ६ ते सकाळी १०, दुसऱ्याचे पहाटे ४ ते रात्री ८. दोन्ही गटांना पूर्ण १६ तास उजेड मिळतो, पण खोली कधीच पूर्ण अंधारी होत नाही. एसीला चोवीस तास काम राहतं, तापमान घसरत नाही आणि रात्रीची बादली भरायला लागते. खर्च फक्त एका जादा टायमरचा. शिवाय ऐन दुपारच्या उन्हात निम्मेच दिवे जळतात, म्हणजे मे महिन्यात एसीलाही दम मिळतो. लेट्यूसला शेजारच्या रॅकचा तिरपा उजेड चालतो. पालक असेल तर मधे जाड पडदा लावा, कारण उजेडाचे तास लांबले की पालक फुलोऱ्यावर येतो.

एवढं करूनही भागत नसेल तर भिंतीकडे वळा. पारदर्शक प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीत ओल आहे आणि ती खोलीत येतेय. थेंब बाहेरच्या बाजूला आले तर भिंत थंड आहे आणि खोलीतली वाफ तिच्यावर जमतेय. पहिल्याला वॉटरप्रूफिंग लागतं, दुसऱ्याला इन्सुलेशन. पत्र्याच्या शेडमध्ये डिसेंबरच्या पहाटे छताखालून थेंब टपकतात ते हेच. तिथे आतून थर्माकोल किंवा पफचे पॅनेल लावा आणि सांधे टेपने बंद करा. सांधा उघडा राहिला तर पाणी पॅनेलच्या मागे जमतं आणि तिथे काळी बुरशी वाढते, जी महिनोन्महिने दिसत नाही.

डीह्युमिडिफायर, घ्यायचाच असेल तर

खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेला असतो. तुमच्या २३ अंश आणि ६५ टक्क्यांच्या खोलीत त्याच्या निम्म्याच्या आसपास पाणी निघेल असं धरा. बादलीच्या मोजणीत रोज ८ लिटर कमी पडत असतील तर १६ ते २० लिटरचं मशीन बघा. हे मशीन खोली तापवतं: एक लिटर पाणी काढताना सुमारे ०.७ युनिट उष्णता हवेत सुटते, त्यात मशीनने स्वतः खाल्लेली वीज वेगळी. रात्री ही ऊब उपयोगी पडते, दुपारी मात्र एसीवर भार. म्हणून टायमरने मुख्यतः दिवे बंद असतानाच चालवा आणि ६५ वर लावा. ५० वर लावून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही, वीज जाते आणि पानं सुकतात.

दुकानात एक प्रश्न नक्की विचारा: वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होतं का? टच बटणांची अनेक मशीन्स वीज आल्यावर तशीच बंद राहतात. आपल्याकडे रात्री दोनला दहा मिनिटं वीज गेली तरी सकाळपर्यंत ९५ झालेले असतात. दुकानदारासमोर प्लग काढून, पुन्हा लावून बघा. घरच्या इन्व्हर्टरवर फिरते पंखे आणि पाण्यातला एअर पंप एवढंच घ्या, त्यावर एसी चढवू नका.

ओलावा शोषणाऱ्या पुड्या आणि डबे विकतात, त्यांच्या नादी लागू नका. कपाटात ठीक आहेत. जिथे रोज लिटरांनी पाणी सुटतं तिथे त्यांचा उपयोग नाही.

उलटा त्रास: उन्हाळ्यातला कोरडेपणा

एप्रिल-मेमध्ये नव्या लागवडीच्या खोलीत झाडं लहान, बाहेर रखरखीत ऊन आणि एसी सतत चालू. अशा वेळी आर्द्रता ३० वर येते. पानं वर वळतात, कडा करपतात, टाकीचा ईसी (पाण्यातल्या खत-क्षारांचं माप) वर चढत जातो, कारण झाडं खतापेक्षा पाणी जास्त पितात. आधी पंख्यांचा वेग कमी करा, मग द्रावण थोडं पातळ करा. ह्युमिडिफायर लावलाच तर त्यात आरओचं पाणी घाला. आपल्या बोअरचं जड पाणी अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घातलं की त्यातला क्षार पांढरी भुकटी होऊन पानांवर, दिव्यांवर आणि एसीच्या कॉइलवर बसतो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

रॅकला, चॅनेलला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच बाहेर या, मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत आत जाऊ नका. ओल्या खोलीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग नसेल तर आर्द्रतेचा विचार नंतर, आधी ते. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो बदलू नका आणि बायपास तर अजिबात करू नका. वीज कुठे तरी गळतेय. नवं मशीन लावण्याआधी वीज मीटरचा मंजूर भार आणि वायरची जाडी तपासून घ्या. प्लग हाताला गरम लागत असेल तर तेवढंही पुरेसं कारण आहे.

फिल्टर धुवूनही कॉइलवर बर्फ धरत असेल, किंवा कंप्रेसर चालू असूनही दमट दिवसात बादली कोरडी राहत असेल, जोडावर तेलकट डाग दिसत असतील, तर बहुधा गॅस गळतोय. एसी मेकॅनिककडून आधी गळती शोधून बंद करून घ्या, मग गॅस भरा. नुसता गॅस भरून जाणारा परत येणारच आहे. हल्लीच्या अनेक एसींमधला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, तेव्हा बंद खोलीत स्वतः नट खोलायला जाऊ नका.

स्लॅबमधून ओल झिरपत असेल तर ते स्थापत्याचं काम आहे, रंगाचा हात मारून मिटत नाही. भिंतीवर किंवा छतामागे काळी बुरशी पसरली असेल आणि आत काम करणाऱ्याला खोकला, दम लागत असेल, तर त्याला खोलीत पाठवणं बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. पानांवरचा रोग ओळखू येत नसेल तर खायच्या पानांवर अंदाजाने बुरशीनाशक मारू नका. ताज्या, नुकता डाग पडलेल्या पानांचा नमुना कागदी पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात किंवा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलं तर वाटेतच सडतं आणि काही कळत नाही.

कोणालाही बोलवलंत तरी त्याच्या हातात हे द्या: सलग तीन रात्रींचे तासातासाचे तापमान आणि आर्द्रतेचे आकडे, टाकीत रोज घातलेले लिटर, बादलीत रोज आलेले लिटर, दिव्यांच्या वेळा, एसीचा टन आणि खोलीची लांबी-रुंदी-उंची. यातलं बादलीचं माप नसेल तर मी स्वतः आधी एक दिवस ते घ्यायला सांगतो आणि मगच येतो.